ठेवीची कॅसेट : व्हिडिओ टेपचा काळ, परदेशी रहस्यपट आणि आपला बोहाडा

(जव्हार येथे दिलेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)

संयोजकांचा फोन आला तेव्हा त्यांची अपेक्षा अशी होती की मी ज्ञानमीमांसेवर काहीतरी बोलावं. चाळीस वर्षं तेच शिकवलं, तेव्हा अपेक्षा रास्तच होती. मी म्हटलं, व्हिडिओ कॅसेटवर बोलतो. पलीकडून थोडा वेळ आवाजच आला नाही. मग विचारलं, "सर, कॅसेटवर म्हणजे कॅसेटवरच?" म्हटलं, हो, कॅसेटवरच.

माझ्या नाशिकच्या घरी तीनशेच्या आसपास व्हीएचएस कॅसेट आहेत. बहुतेक सगळे परदेशी गुन्हेगारीपट: जर्मन, फ्रेंच, जपानी, थोडे अमेरिकन. इंग्रजीत ज्यांना 'कल्ट' म्हणतात त्या जातीचे, म्हणजे प्रेक्षक मोजके, पण जिवाभावाचे. त्या तीनशेंमधली एक कॅसेट मात्र मोखाड्याची आहे. तिच्याविषयी सांगायचं म्हणूनच मी आज इथवर आलो. पण तिच्यापर्यंत पोचायला थोडा इतिहास पाहावा लागेल.

चुंबकीय फितीवर चित्र साठवणारं पहिलं व्यवहारोपयोगी यंत्र १९५६ साली अमेरिकेत अँपेक्स कंपनीने दाखवलं. ते कपाटाएवढं होतं आणि फक्त दूरचित्रवाणी केंद्रांनाच परवडणारं होतं. १९७५ साली सोनीने घरगुती वापरासाठी बीटामॅक्स आणलं, १९७६ साली जेव्हीसीने व्हीएचएस. बीटामॅक्सचं चित्र उजवं होतं असं त्यातले जाणकार सांगत. पण व्हीएचएसच्या कॅसेटवर जास्त वेळ मावत असे आणि जेव्हीसीने आपलं तंत्र इतर कंपन्यांना सढळपणे दिलं. बाजार व्हीएचएसने जिंकला.

हे यंत्र चालतं कसं, तेही पाहू. फीत अर्ध्या इंचाची. पॉलिएस्टरच्या पातळ पट्टीवर लोहाच्या ऑक्साइडची भुकटी एका चिकट द्रव्याने बसवलेली. तीन तासांच्या कॅसेटमध्ये अशी अडीचशे मीटरहून जास्त लांब फीत गुंडाळलेली असते. ती पुढे सरकते सेकंदाला जेमतेम अडीच सेंटिमीटर, मुंगीच्या चालीनं. पण तिच्याशी तिरकं बसवलेलं पिंप सेकंदाला पंचवीस फेरे घेतं आणि त्यावरचे दोन हेड फितीवर तिरक्या रेघा ओढत जातात. एका फेऱ्यात एक चित्र. सिनेमाच्या रिळासारखं इथं फीत उजेडात धरून काही दिसत नाही. यंत्र नसेल तर कॅसेट मुकी, हे लक्षात ठेवा. पुढे त्याचं काम आहे.

आपल्याकडे हे यंत्र खऱ्या अर्थाने पसरलं १९८२च्या दिल्ली एशियाडच्या सुमारास. त्याच वर्षी रंगीत दूरदर्शन आलं, रंगीत संच आणि व्हीसीआर परदेशातून आणण्याचे नियम सैल झाले. आखातात नोकरीला गेलेला माणूस सुट्टीवर येताना व्हीसीआर घेऊन येऊ लागला. दोन-तीन वर्षांत शहरात गल्लोगल्ली व्हिडिओ लायब्ऱ्या झाल्या, गावोगावी व्हिडिओ पार्लर उघडली. चित्रपटगृहवाले हवालदिल झाले. नवा सिनेमा लागायच्या आत त्याची चोरटी कॅसेट बाजारात येत असे. १९८४ साली कॉपीराइट कायद्यात दुरुस्ती करून व्हिडिओ फिल्मला त्याच्या कक्षेत आणलं, आणि कॅसेटवर सेन्सॉर प्रमाणपत्राची प्रत आणि हक्कदाराचं नाव-पत्ता असलाच पाहिजे असा नियम केला. माझ्याकडच्या बहुतेक कॅसेटवर यातलं काही नाही, हे आधीच कबूल करतो.

आता आपल्या भागाकडे या. इथं ज्यांचे केस पांढरे आहेत त्यांना आठवत असेल. जव्हार-मोखाड्यात आणि पुढे पाड्यापाड्यांवर सिनेमा आला तो मुख्यतः 'व्हिडिओ' या नावाने. "आज व्हिडिओ आणलाय." म्हणजे रंगीत टीव्ही, व्हीसीआर, वीज नसेल तर जनरेटर आणि चार-पाच कॅसेट, हे सगळं एका रात्रीच्या भाड्यावर. लग्नाच्या आदल्या रात्री, गणपतीत, कुणाच्या बारशाला. अंगणात सतरंजी, टीव्ही टेबलावर, टेबल बैलगाडीवर. रात्री नऊला सुरू झालेला पहिला पिक्चर ते उजाडताना संपणारा तिसरा. मी स्वतः खोडाळ्याजवळच्या एका पाड्यावर अशी रात्र काढली आहे. तिसऱ्या पिक्चरला पोरं झोपलेली, म्हातारे मात्र जागे.

माझा छंद वेगळ्या वाटेने सुरू झाला. माझ्या पिढीचं वाचन बाबूराव अर्नाळकरांवर झालं. त्यांच्या नावातलं अर्नाळा आज आपल्याच पालघर जिल्ह्यात आहे. हजारांवर रहस्यकथा लिहिणारा हा लेखक. झुंजार, काळापहाड, धनंजय ही त्याची माणसं आम्हाला सख्ख्या काकांसारखी. पुढे तत्त्वज्ञान शिकायला लागलो आणि लक्षात आलं की गुप्तहेर जे करतो ते आपल्या शास्त्रकारांनी आधीच मांडून ठेवलंय. देवदत्त दिवसा जेवत नाही, तरी धष्टपुष्ट आहे. मग तो रात्री जेवत असला पाहिजे. याला मीमांसक अर्थापत्ती म्हणतात आणि स्वतंत्र प्रमाण मानतात. नैयायिक म्हणतात, स्वतंत्र कशाला, हे अनुमानच. आमच्या वर्गात हा वाद मी दरवर्षी एका खुनाच्या गोष्टीवर शिकवायचो. मुलं जागी राहायची.

असे चित्रपट पाहायचे कुठे? मुंबईत प्रभात चित्र मंडळ १९६८पासून होतं. पुण्यात १९६४ साली स्थापन झालेलं राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय होतं. तिथल्या पी. के. नायर यांनी फाळक्यांचे चित्रपट तर जमवलेच, पण परदेशी चित्रपटांच्या प्रती मिळवून फिल्म सोसायट्यांना दाखवायलाही दिल्या. फिल्म इन्स्टिट्यूट आणि संग्रहालय मिळून उन्हाळ्यात चित्रपट रसास्वादाचं शिबिर घेत. अशाच एका शिबिरात मी फ्रिट्झ लांगचा 'एम' पहिल्यांदा पाहिला.

'एम' ११ मे १९३१ रोजी बर्लिनमध्ये प्रदर्शित झाला. एक माणूस लहान मुलींचे खून करतोय आणि शहर हादरलंय. पोलीस बोटांचे ठसे आणि खिडकीच्या चौकटीवरच्या लाल पेन्सिलीच्या खुणा शोधतात. शहरातले गुन्हेगारही त्याला शोधतात, कारण पोलिसांच्या धाडींनी त्यांचा धंदा बसलाय. भिकाऱ्यांना चौकाचौकात उभं करतात. खुनी शीळ घालतो, ग्रीगच्या एका धुनेची. त्या शिळेवरून त्याला ओळखतो कोण? एक आंधळा फुगेवाला. पुढे एक जण हातावर खडूने 'एम' काढून त्याच्या पाठीवर थाप मारतो. शेवटी गुन्हेगारच त्याच्यावर खटला चालवतात, आणि प्रश्न उभा राहतो: न्याय करायचा अधिकार कुणाचा? १९३४ साली नाझींनी या चित्रपटावर बंदी घातली. लांग त्याआधीच देश सोडून गेला होता.

तो चित्रपट माझ्या डोक्यातून जाईना. परत पाहायचा तर सोसायटीची वाट पाहायची, वर्ष नाहीतर दोन वर्षं. १९८६ साली पतपेढीचं कर्ज काढून मी व्हीसीआर घेतला आणि शोध सुरू झाला. लंडनला गेलेला विद्यार्थी, दुबईतला मेहुणा, मुंबईत जहाजावरचा माल विकणारे, सगळ्यांकडे यादी दिलेली. एकाची कॅसेट आणायची, दुसऱ्याचा व्हीसीआर आणायचा, दोन्ही यंत्रं वायरने जोडायची आणि रात्रभर नक्कल काढायची. द्यासँचा 'रिफिफी', ज्यात चोरीचा जवळजवळ अर्धा तास ना शब्द ना संगीत. मेलव्हिलचा 'ल सामुराई'. कुरोसावाचा 'हाय अँड लो'.

या छंदाचं एक शास्त्र असतं. अमेरिकेची कॅसेट एनटीएससी पद्धतीची, आपली पाल पद्धतीची. तिथली कॅसेट इथल्या साध्या यंत्रात घातली की पडद्यावर मुंग्या. सिनेमा सेकंदाला २४ चित्रांचा, पाल २५ चित्रांची. म्हणून पालवर सिनेमा शंभराला चार मिनिटं लवकर संपतो आणि आवाज किंचित चढतो. मला पाठ असलेली 'एम'मधली शीळ खऱ्या शिळेपेक्षा चढी होती, हे मला कितीतरी वर्षांनी कळलं! रुंद पडद्याच्या चित्रपटांच्या दोन्ही कडा टीव्हीसाठी कापलेल्या असत. कधी संवाद चाललाय आणि बोलणारा माणूसच चौकटीबाहेर. शिवाय नकलेची नक्कल काढली की दर पिढीला चित्र पुसट होत जाई. माझा 'रिफिफी' बहुधा चौथ्या पिढीचा होता. पाऊस पडतोय असं वाटायचं, पॅरिसमध्येही आणि चोरांच्या खोलीतही.

आम्हा संग्राहकांचा एकच शब्द लाडका होता: दुर्मिळ. ज्याच्याकडे दुर्मिळ, तो मोठा. हा शब्द मी कधी तपासला नाही. तत्त्वज्ञानाच्या माणसाने शब्द तपासायचे असतात.

आता मोखाड्याची कॅसेट.

माझे एक मित्र मोखाडा तालुक्यात आश्रमशाळेवर शिक्षक होते. नाव घेत नाही, आम्ही सगळे त्यांना गुरुजी म्हणायचो. त्यांच्यामुळे मी पहिल्यांदा बोहाडा पाहिला. तुम्हाला बोहाडा समजावून सांगायची गरज नाही; पण हे व्याख्यान दुसरीकडेही वाचलं जाईल म्हणून दोन वाक्यं. शिमगा झाला की उन्हाळ्यात गावोगावी रात्रभर देवादिकांची आणि राक्षसांची सोंगं निघतात. मोठाले मुखवटे, मशालींचा उजेड, संबळाचा ठेका. गणपती येतो, शारदा येते, नरसिंह, रावण, त्राटिका, एकेक सोंग नाचत पुढे येतं. वारली, कोकणा, कोळी महादेव, सगळ्या समाजांचा हा उत्सव. अनेक गावांत ठरावीक सोंग ठरावीक घरात चालत येतं. बापाचा रावण मुलाकडे येतो.

१९८८च्या उन्हाळ्यात नाशिकचा एक शूटिंगवाला लग्नासाठी त्या भागात आला होता. गुरुजींनी त्याला गाठलं, त्याच्याकडून पदरच्या पैशाने दोन तासांची कोरी कॅसेट घेतली आणि एक रात्र बोहाडा घ्यायला लावला. त्या काळी शिक्षकाला हा खर्च थोडा नव्हता. गुरुजींकडे व्हीसीआर नव्हता. पावसाळ्यात घराला ओल. ते एसटीने नाशिकला आले आणि ती कॅसेट माझ्या हातात दिली. म्हणाले, "सर, तुमच्याकडे मशीन आहे, जागा कोरडी आहे. तुमच्याकडेच राहू द्या. लागेल तेव्हा मागून घेईन."

कॅसेटच्या पाठीला एक छोटी प्लॅस्टिकची कळ असते. ती तोडली की त्या कॅसेटवर पुन्हा रेकॉर्डिंग होत नाही. गुरुजींनी ती तोडलेली होती. वर पेन्सिलीने लिहिलं होतं, 'बोहाडा'.

दीड-दोन वर्षांनी 'एम'ची कॅसेट एका रात्रीपुरती माझ्या हाती आली. सकाळी परत द्यायची होती. घरात कोरी कॅसेट नव्हती, दुकानं बंद. मी कपाट उघडलं. तुटलेल्या कळीच्या जागी चिकटपट्टी लावली की यंत्र फसतं, हे आम्हा सगळ्यांना ठाऊक होतं. मी चिकटपट्टी लावली.

त्या वेळी मनात काय आलं, ते मला लख्ख आठवतं. 'बोहाडा काय, दरवर्षी होतो. पुढच्या वर्षी परत घेऊ. हा चित्रपट परत कुठे मिळणार?' मला हा युक्तिवाद तेव्हा निर्दोष वाटला होता. पुढच्या वर्षी कॅमेरा घेऊन कुणी गेलं नाही. मीही नाही.

काही वर्षांनी गुरुजींनी कॅसेट मागितली. मी म्हटलं, सापडत नाही, शोधतो. त्यांनी आणखी दोनदा विचारलं, मग विचारायचं सोडलं. त्यांना कळलं होतं की नाही, देव जाणे. आता ते नाहीत.

आपल्या जुन्या व्यवहारग्रंथांत निक्षेप म्हणजे ठेव हे स्वतंत्र प्रकरण आहे. ऋण वेगळं, ठेव वेगळी. ऋण घेतलेला माणूस पैसा वापरू शकतो, तेवढाच परत दिला की झालं. ठेव वापरता येत नाही, तीच वस्तू परत द्यावी लागते. हे मी वर्गात शिकवलेलं आहे.

२०२०च्या टाळेबंदीत वेळच वेळ होता. म्हटलं, कॅसेट संगणकावर उतरवून घेऊ. तेव्हा कळलं, माझी दौलत काय अवस्थेत आहे ती. फितीवरची भुकटी धरून ठेवणारं द्रव्य हवेतला ओलावा पिऊन चिकट होतं, मग फीत हेडला चिकटते. काही कॅसेटच्या खिडकीतून पांढरी बुरशी दिसत होती. यंत्रांचीही तीच गत. व्हीसीआर बनवणारी जपानमधली शेवटची कंपनी, फुनाई, तिने २०१६ साली उत्पादन थांबवलं. जगभरच्या ध्वनिचित्र संग्रहालयांनी युनेस्कोच्या मदतीने २०१९ साली इशारा दिला होता की चुंबकीय फितीवरचा ऐवज वाचवायला साधारण २०२५पर्यंतचाच अवधी आहे, कारण पुढे चालू यंत्रं आणि सुटे भाग मिळणं दुरापास्त.

उतरवता उतरवता 'एम'ची पाळी आली. चित्रपट संपला. मी यंत्र बंद करायला उठलो, आणि पडद्यावर दोन-चार पांढऱ्या रेघा आल्या, चित्र थरथरलं आणि संबळ वाजायला लागला.

हिशोब साधा आहे. कॅसेट दोन तासांची, माझ्याकडची 'एम'ची आवृत्ती दीड तासाहून थोडी मोठी. उरलेल्या फितीला मी हात लावला नव्हता. एकोणीस मिनिटं. शूटिंगवाल्याच्या हॅलोजनचा पांढरा झोत, मागे मशाली, पोरांची दाटी, आणि रावणाचं सोंग नाचतंय. एका क्षणी गुरुजी चौकटीत येतात, हाताने पोरांना मागे सारतात आणि निघून जातात.

ती एकोणीस मिनिटं घेऊन मी मोखाड्याला गेलो. गुरुजींच्या मुलीला सगळं सांगितलं. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "काका, गावात दाखवू या." मी वाट पाहत होतो की ती काही बोलेल. ती बोलली नाही, आणि ते जास्त कठीण गेलं.

गावात एका घराच्या ओटीवर लॅपटॉप ठेवला. रावण नाचताना एक सत्तरीचे गृहस्थ पुढे सरकले आणि म्हणाले, "हा माझा बाप." मी म्हटलं, मुखवटा आहे, तोंड कुठे दिसतंय? ते म्हणाले, "तोंड कशाला? पाय बघा ना. डावा पाय असा दाबून टाकायचा तो." आणि तिथंच उभं राहून त्यांनी ती पावलं टाकून दाखवली. बापाचा फोटो घरात एकही नव्हता.

'एम'मधला आंधळा फुगेवाला आठवला. शिळेवरून माणूस ओळखणं मी तीस वर्षं वर्गात वाखाणलं. पावलावरून बाप ओळखणारा माणूस याच डोंगरात होता आणि त्याचा पुरावा मी पुसत होतो.

आता 'दुर्मिळ' या शब्दाकडे येऊ. 'एम'च्या प्रती जगातल्या संग्रहालयांत होत्या. कापलेले भाग शोधून, जोडून, स्वच्छ करून तो चित्रपट पुन्हा सिद्ध झाला. आज चांगली डिस्क मिळते, माझ्या पुसट नकलेला कवडीची किंमत नाही. १९८८चा तो बोहाडा मात्र एकाच फितीवर होता. मी दुर्मिळपणा मोजला तो मला वस्तू मिळवायला किती त्रास पडतो यावरून. लंडनहून येणारं ते दुर्मिळ, मोखाड्याहून एसटीने येणारं ते सोपं. खरं माप वेगळं आहे: ही गोष्ट गेली तर दुसरीकडे कुठे उरते का? शिवाय 'दरवर्षी होतो' हा हेत्वाभास आहे. बोहाडा दरवर्षी होतो. पण तो माणूस, त्या पावलांनी, त्या रात्री, एकदाच.

याचा अर्थ परदेशी चित्रपट जमवणं चूक, असं मी म्हणत नाही. त्या चित्रपटांनी मला पाहायला शिकवलं. नायर साहेबांनी 'कालिया मर्दन'ही वाचवला आणि जगाचा सिनेमाही जमवला. एकासाठी दुसरं पुसलं नाही. २००३च्या जानेवारीत पुण्यात जुन्या नायट्रेट रिळांना आग लागली आणि कितीतरी चित्रपट कायमचे गेले. तिथं दोष ज्वलनशील फिल्मचा. माझ्या घरात आग नव्हती, एक चिकटपट्टी होती.

शेवटचं आणि कामाचं. तुमच्यापैकी कितीतरी घरांत माळ्यावर, ट्रंकेत, जुन्या लग्नाच्या कॅसेट पडल्या असतील. लग्न आहे म्हणून टाकून देऊ नका. त्या लग्नात तारपा वाजला असेल, धवलेरीने लग्न लावलं असेल, आज नसलेलं कुणी पंगतीत वाढत असेल. चार गोष्टी करा. कॅसेट आडव्या न ठेवता पुस्तकासारख्या उभ्या ठेवा, कोरड्या जागी. बुरशी दिसली तर यंत्रात घालू नका, त्याने फीतही जाते आणि यंत्रही. जाणकाराकडून आधी साफ करून घ्या. पाठीवरची कळ शाबूत असेल तर तोडा. आणि वर पेन्सिलीने नव्हे, शाईने लिहा: गाव, वर्ष, कोण कोण आहे. नावं सांगणारी माणसं फितीच्या आधी जातात.

ती एकोणीस मिनिटं मी गुरुजींच्या मुलीकडे आणि गावाकडे दिली आहेत, मूळ कॅसेटसकट. ठेव होती, पूर्ण परत देता आली नाही. कॅसेटच्या पाठीवरची चिकटपट्टी मी काढलेली नाही. तीही तशीच दिली आहे.

प्रश्न असतील तर विचारा. नाहीतर कुणाच्या माळ्यावर कॅसेट असेल, तिथंच जाऊ. माझ्या पिशवीत चालू व्हीसीआर आहे.